दाजींचा पाऊस अर्धा कसा झाला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं तेही अर्धंच, आणि ते अर्धं आहे हे तिने तेव्हाच ओळखलं होतं. या अंकाचे संपादक दरवर्षी गणपती झाले की फोन करतात, "साहेब, नोकरीतल्या गमती लिहा." तीन वेळा लिहिल्या. लोक हसले, दोघातिघांनी पत्रं पाठवली. त्या तिन्ही लेखांत एका गावाचा आणि एका माणसाचा उल्लेख येऊ नये म्हणून मी किती वळसे घेतले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. यंदा गमती उरल्या नाहीत. जे उरलं आहे ते लिहितो. त्यातलं सगळं मलाच नीट कळलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. काही ठिकाणी मी एक सांगेन आणि पुढच्या ओळीत त्यावर शंका घेईन. इलाज नाही. मला ते तसंच आठवतं.

मी कृषी हवामानशास्त्रज्ञ होतो. लोकांना वाटतं हा माणूस पाऊस सांगतो. पाऊस सांगणारे वेगळे. ते जिल्ह्याचा अंदाज वरून पाठवतात. आमचं काम त्याच्या पुढचं. दोन दिवस ढगाळ आणि दमट राहणार असेल तर आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे वाढतात, मग फवारणी आज करायची की थांबायचं? भात कापून मळ्यात पसरलं असेल तर ते उचलायचं की एक दिवस आणखी वाळू द्यायचं? अशा प्रश्नांची उत्तरं आठवड्यातून दोनदा पत्रकात छापायची आणि मग आठवडाभर शिव्या खायच्या. पत्रक बरोबर निघालं तर कुणी फोन करत नाही.

एका कलमवाल्याने मला विचारलं होतं, "सायबानूं, तुम्ही चाळीस टक्के पाऊस म्हटलास. माझी कलमां शंभर. मगे चाळीस भिजतली काय? खंयची ती सांगा, तेवढीच झाकतंय." मी त्याला शक्यता म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे तुमकाय म्हायत नाय." देवबागला पाहुण्यांसाठी खोल्या ठेवणारी एक बाई तर दर शुक्रवारी फोन करायची. "पाऊस येतलो तर येव दे, पण लिवू नकात. पर्यटक तुमचा पत्रक वाचतत!"

पण सल्ला द्यायचा तर कालपर्यंत कुठे किती पडला हे कळायला हवं. आणि ते कळत असे गावोगावच्या निरीक्षकांकडून. कुणी शिक्षक, कुणी पोस्टातला, कुणी साधा शेतकरी. नावापुरतं मानधन आणि रोजची बांधिलकी. आमच्या सगळ्या शास्त्राचा पाया म्हणजे सकाळी साडेआठला छत्री घेऊन घरामागच्या परड्यात जाणारा एक माणूस.

पर्जन्यमापक काही फार अवघड यंत्र नाही. वर नरसाळं, खाली बाटली, आणि मोजायला काचेचा उभा गिलास, त्यावर मिलिमीटरच्या रेघा. बाटलीतलं पाणी गिलासात ओतायचं, रेघ बघायची, वहीत लिहायची. मात्र एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नरसाळ्याची तोंडं दोन मापांची असतात. एक मोठं, दुसरं त्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचं. जिथे पाऊस दांडगा तिथे लहान तोंडाचं लावतात, म्हणजे बाटली भरून वाहत नाही. प्रत्येक तोंडाचा गिलास वेगळा. मोठ्या तोंडाचा गिलास लहान तोंडाच्या मापकाला वापरला, तर पाणी तेवढंच असतं, पण ते मोठ्या भांड्यात पसरतं आणि रेघ निम्मीच दिसते. शंभर मिलिमीटर पडला तर वहीत पन्नास. नव्या निरीक्षकांना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचो. किती वेळा शिकवलं, त्याची गणती नाही.

दाजी आमचे निरीक्षक होते. गावाचं नाव देत नाही. मालवणपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. थोडी भातशेती, काजू, पाचसहा आंब्याची कलमं. शिक्षण सातवीपर्यंत. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. वीसेक वर्षं त्यांनी पाऊस मोजला आणि त्यातला एक दिवस रिकामा नाही. त्यांची पद्धत मी इतर गावांत सांगायचो. पाणी मोजलं की ते ओतून द्यायचे नाहीत. कळशीत ठेवायचे. आकडा तोंडाने म्हणत म्हणत पडवीवर यायचे, "बेचाळीस पॉइंट सहा, बेचाळीस पॉइंट सहा", वहीत लिहायचे, लिहिलेलं पुन्हा वाचायचे, आणि मगच पाणी माडाच्या मुळात. वाटेत कुणी बोललं आणि आकडा विसरला तर परत मोजता यावं म्हणून ही व्यवस्था. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या होत्या, "साडेआठ ते पावणेनऊ ह्या घरात माणूस मेलो तरी माका रडूची परवानगी नाय."

गावात त्या आकड्याला मान होता. सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारायचंच, "दाजी, काल किती रे?" दाजी सांगायचे आणि मग वाद संपायचा. नदीला पाणी किती येईल, लावणी आज की उद्या, पुलावरून एसटी जाईल की नाही, सगळं त्या आकड्यावर. मी त्यांच्याशी नेहमी ऑफिसातली मराठी बोलायचो. मी इथलाच. घरी आईशी मालवणी बोलणारा. पण गाडीतून उतरलो की माझी भाषा बदलायची. दाजी मला "सायबानूं" म्हणायचे आणि मला ते आवडायचं. हेही लिहिलं पाहिजे.

एका आषाढात दाजींच्या हातून गिलास फुटला. राखेने घासताना निसटला. इतर निरीक्षक गिलास फुटला की महिनाभर अंदाजे आकडे लिहायचे आणि आम्हाला ते आकडे बघून कळायचं. दाजींनी त्याच दिवशी फोन केला. "सायबानूं, गिलास फुटलो. माझी चूक. दुसरो येयसर मापूक जमाचा नाय."

मी तिसऱ्या दिवशी गेलो. भांडारातून जाताना गिलास उचलला. त्या फळीवर दोन्ही प्रकारचे गिलास होते. कागदात गुंडाळलेले, एकाशेजारी एक. मी कुठला उचलला ते पाहिलं का? पाहिलं असणार. प्रत्येक गिलासावर बुडाशी माप कोरलेलं असतं. माझ्या हाताखालच्या बहुतेक गावांत मोठ्या तोंडाची नरसाळी होती, दाजींकडे लहान. मला हे माहीत होतं. ते नरसाळं मीच बसवलं होतं.

पडवीवर तीन कळश्या रांगेत ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर पानाचं झाकण, त्यावर दगड, दगडाखाली चिठ्ठी: सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवसांचं पाणी या माणसाने तारीखवार ठेवलं होतं. मी नव्या गिलासाने मोजलं. दाजी शेजारी उभे राहून बघत होते.

"कमी वाटता," ते म्हणाले.

"किती वाटलं होतं?"

"सोमवारी मी मळ्यात होतंय. पाऊस पाठीर दगड मारी तसो पडा होतो. ह्यो आकडो त्या पावसाचो नाय."

"दाजी, पाऊस पाठीवर मोजायचा नसतो," मी म्हणालो. वहिनी हसल्या. दाजीही हसले. मला माझं वाक्य फार आवडलं, आणि पुढे मी ते एकदोन व्याख्यानांतही वापरलं.

आता इथे माझा गोंधळ सुरू होतो. मला असं आठवतं की मी निघताना दाजींनी गिलास हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "हो जुन्यापेक्षा थोराड दिसता." आणि मी गाडीत बसता बसता म्हणालो, "नवीन कंपनीचा आहे." हे स्पष्ट आठवतं. गाडीचं दारसुद्धा आठवतं. पण कधी वाटतं, हे संभाषण झालंच नाही. पुढे सगळं कळल्यावर मीच ते रचलं, स्वतःला शिक्षा म्हणून. माझ्या दौऱ्याच्या डायरीत त्या तारखेला तीनच शब्द आहेत: "गिलास बदलून दिला." कुठला, ते नाही.

त्या पावसाळ्यात दाजींच्या गावचा पाऊस निम्मा झाला. आजूबाजूच्या गावांत धो धो आणि मधे एकच कोरडं बेट. आमच्या ऑफिसात नकाशा रंगवणारी मुलगी म्हणाली, "सर, इथे काहीतरी गडबड आहे." मी म्हणालो, डोंगराची आड असेल. डोंगराची आड वीस वर्षांत कधी आली नव्हती, पण मी ते बोलून गेलो.

भाद्रपदात सलग चार दिवस पाऊस लागला. लोंब्या धरलेलं भात आडवं झालं, पाण्यात कुजलं. नुकसानभरपाईची यादी करताना त्या परिसरातल्या मापकाचा आकडा बघतात. एका दिवसात ठरावीक मापाच्या पुढे गेला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. दाजींच्या वहीत ते माप एकाही दिवशी ओलांडलेलं नव्हतं. शेजारच्या गावांची नावं यादीत आली. या गावाचं आलं नाही.

मग लोक दाजींना बोलायला लागले. पुढच्या भेटीत मी टपरीवर चहा घेत होतो, तिथे माझ्यासमोरच एकाने विचारलं, "काय रे दाजी, पाऊस कपाटात बसान मापतंस काय?" दुसरा म्हणाला, "तेचा वय झाला रे. अर्धा डोळ्यांक दिसता, अर्धा दिसना नाय." दाजींनी चहा तसाच ठेवला आणि उठले.

मी तपासणीला आलो होतो. केली. नरसाळं सपाटीत आहे का, बाटली गळते का, जवळपास झाड वाढलंय का, वही वेळेवर भरली जाते का. छापील यादीतल्या सगळ्या रकान्यांवर बरोबरची खूण केली. त्या यादीत 'मापनाचा गिलास' असाही एक रकाना होता. तिथेही खूण केली. गिलास मीच आणून दिला होता, तो काय तपासायचा? असं मला वाटलं असावं. 'असावं' हा शब्द मी पळवाट म्हणून वापरत नाही. मला खरोखर आठवत नाही.

दाजी म्हणाले, "सायबानूं, एकदा तुम्ही हय चार दिवस ऱ्हवा. माझ्यावांगडा मापा."

मला वेळ नव्हता. ओरोसला जिल्हा कार्यालयात बैठक होती.

"मग देवाक इचारूया," ते म्हणाले.

बाहेरच्यांसाठी आमच्याकडची ही रीत सांगायला हवी. गावात तिढा सुटत नसेल तर ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. लग्नाची जुळवाजुळव, विहिरीची जागा, जत्रेचा दिवस, सगळं विचारतात. पर्जन्यमापकाबद्दल विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी जायला नको होतं. मी शास्त्रज्ञ, मला यात काय? पण गेलो. नाही म्हटलं तर गाव नाराज होईल असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाही ते प्रकरण एकदाचं संपवायचं होतं. देवळात वीसपंचवीस माणसं होती. दाजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून एका खांबाशी उभे होते. वही हातात. गावचे मानकरी, त्यांना सगळे तात्या म्हणत, माझ्याजवळ आले.

"सायबानूं, तुम्ही शिकलेले. देवाक नेमका काय इचारूक व्हया?"

त्या देवळात, त्या माणसांत, हा प्रश्न मला विचारला गेला याचा मला अभिमान वाटला. मी थोडा विचार केला. आणि फार समजूतदारपणे, मला तेव्हा वाटलं तसं, म्हणालो, "माणसाचं नाव नको घ्यायला. दाजी खरे की खोटे असं विचारू नका. आकडे बरोबर आहेत की चुकीचे, एवढंच विचारा."

तात्यांनी मान हलवली. "बरोबर बोललास. माणसाचा नाव नको."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा..." आणि प्रत्येक वाक्याला माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती. "ह्या वहीतले आकडे बरोबर आसत तर उजवी दी, चुकीचे आसत तर डावी दी."

"व्हय म्हाराजा!"

बराच वेळ काही पडलं नाही. समईची वात तडतडत होती. मी दाजींकडे बघितलं. ते देवाकडे बघत नव्हते, वहीकडे बघत होते. मग डावी पाकळी सुटली.

माणसं दाजींकडे वळली. दाजीच बोलले. "देव खोटा बोलाचो नाय. माझाच कायतरी चुकता." त्यांनी वही माझ्या हातात दिली. मापकाच्या कुंपणाची चावी कंबरेच्या करगोट्याला असायची, तीही सोडून दिली. "सायबानूं, आता दुसरो कोणतरी बघा."

गेली कित्येक वर्षं मी त्या पाकळीशी भांडतो आहे. देवाने सांगितलं ते बरोबरच होतं. आकडे चुकीचेच होते. मी माझ्या हिशोबाने म्हणतो, दोनातली एक पाकळी पडणार, शक्यता निम्मी, त्यात देव कुठे? मग पुन्हा वाटतं, असेना का निम्मी, पण प्रश्न कुणी घातला? माणसाचं नाव वगळून आकड्यांबद्दल विचारा, हे मी शिकलो ते शास्त्रात. व्यक्ती बाजूला ठेवा, मोजमाप तपासा. मी ते देवळात नेलं. दाजी खरे की खोटे, असं विचारलं असतं आणि उजवी पाकळी पडली असती तर? डावीच पडली असती तर? मला देवावर विश्वास नाही. पण त्या दिवशी देवाला चुकीचा प्रश्न विचारला गेला असं मी म्हणतो, तेव्हा मी नक्की कशावर विश्वास ठेवतो? माझी बायको म्हणते, "तुम्ही दोन्हीकडून हरताय." असेल.

मी अहवाल लिहिला. निरीक्षकाच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, केंद्र दुसऱ्या गावी हलवावं. सही केली. मापक काढून भांडारात आणला, गिलासासकट.

दोनेक वर्षांनी नव्या निरीक्षकांचं शिबिर होतं. दोन प्रकारची नरसाळी आणि दोन प्रकारचे गिलास दाखवायला मी भांडारातून काढले. दाजींचा मापक अजून तसाच, एका पोत्यात, दाजींच्या हाताने बांधलेल्या काथ्यासकट. आत त्यांचा गिलास. मी तो टेबलावर ठेवला आणि बुडाशी कोरलेलं माप वाचलं. मोठ्या तोंडाचं. शेजारी लहान तोंडाचं नरसाळं.

समोर तीस माणसं वह्या उघडून बसली होती. मी शिकवलं. याचा गिलास त्याला लावू नका, रेघ निम्मी दिसते, हे शिकवलं. कुणी तरी विचारलं, "असं प्रत्यक्षात होतं का सर?" मी म्हणालो, "क्वचित."

त्याच आठवड्यात मी जुनी नोंदवही काढली आणि दाजींचे त्या पावसाळ्यातले, गिलास बदलल्यानंतरचे सगळे आकडे दुप्पट करून दुरुस्त केले. शेजारच्या गावांशी ते इतके चपखल जुळले की मला खुर्चीत बसवेना. लावणीच्या दिवसांतला, भाताचं नुकसान झालं त्या चार दिवसांतला, सगळा पाऊस जागेवर आला. शेऱ्यात लिहिलं, "तांत्रिक दुरुस्ती." कारण लिहिलं नाही. म्हणजे आज कुणी ती नोंदवही बघितली तर पाऊस खरा आहे. दाजींविषयीचा अहवाल मात्र वेगळ्या फायलीत, आहे तसा.

का नाही सांगितलं? मला खूप कारणं सापडतात, म्हणून एकही पटत नाही. तेव्हा बढतीची यादी होती. साहेब कडक होते. गावाचं नुकसान तर होऊन गेलं होतं, आता सांगून भात परत उभं राहणार होतं का? देवाचा कौल झालेला, तो उलटवला तर गावात नवा तिढा. ही सगळी कारणं खरी असतील. पण पुलाच्या पलीकडे दाजींचं घर होतं आणि मी पुलावरून वर्षातून आठदहा वेळा जायचो. एकदा ते रस्त्याने जाताना दिसले. डोक्यावर काजूबियांची पिशवी. त्यांनी हात केला. मी ड्रायव्हरला म्हणालो, उशीर होतोय.

सेवानिवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी ठरवून गेलो. ऑफिसची गाडी नव्हती. एसटीने गेलो, पुलावर उतरून चालत. दाजी पडवीवर होते, खूप वाळलेले. मला बघून उठायला लागले. मी म्हणालो बसा. वहिनींनी कोकमाचं सरबत दिलं. परड्यात कुंपणाचा चौकोन अजून होता, आत मिरच्या लावल्या होत्या.

मी एसटीत वाक्य तयार केलं होतं. "दाजी, मला तुमच्याशी बोलायचंय." एवढं म्हटलं.

"माकाय," ते म्हणाले. "कितके वर्सां झाली. तुम्ही येतलास अशी वाट बघी होतंय."

आणि मग त्यांनी माझी माफी मागितली.

म्हणाले, तेव्हा त्यांचे डोळे अधू व्हायला लागले होते, पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रेघ बघताना चूक होत असणार. खालची रेघ वरची वाटत असेल. पुढे म्हणाले, वीस वर्षं तुम्ही विश्वास ठेवलात आणि शेवटी मी तुमचं नाव घालवलं. गावाची भरपाई बुडाली ती माझ्यामुळे. देवाने सांगितलं तेव्हा कळलं. "सायबानूं, माका माफ करा. मी मुद्दाम नाय केलंय."

त्यांनी हात जोडले होते. माझ्या हातात सरबताचा पेला होता. तो खाली ठेवायला जागा शोधत मी म्हणालो, "असू दे, दाजी. झालं ते झालं."

हे शब्द माझ्या तोंडातून कसे आले, मला अजून समजत नाही. माझ्याकडे दुसरं वाक्य तयार होतं. पूर्ण वाक्य, चार वेळा घोकलेलं. आणि तोंडातून आलं ते एका साहेबाचं वाक्य. दाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघितल्यावर मला ते परत घेता आलं नाही. म्हणजे घेता आलं असतं. मी घेतलं नाही. वहिनी आतून म्हणाल्या, "जेवान जावा." मी जेवलो. चुलीवरची भाकरी, सुकटीची चटणी. दाजींनी मला पुलापर्यंत सोडलं.

त्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी उलटसुलट विचार करतो. ते हसले असते? "तरी मी म्हणा होतंय थोराड दिसता," म्हणाले असते? की तीच वर्षं त्यांना पुन्हा जगायला लागली असती, या वेळी राग घेऊन? कधी वाटतं मी त्यांना वाचवलं. हा विचार आला की मला माझीच शिसारी येते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर दाजी गेले. मला बाराव्यानंतर कळलं. मी गेलो. वहिनी परड्यात मिरच्यांना पाणी घालत होत्या. मला बघून पडवीवर आल्या, बसल्या.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तेंका 'असू दे' म्हटलास ना, त्या दिवशी ते पोटभर जेवले. कितके वर्सांनी. माका म्हणाले, सायबान माफ केल्यान."

मी तोंड उघडलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, थकलेल्या, पण कुठेतरी निश्चिंत. मी विचारलं, "औषधं वेळेवर घेता ना?" आणि उठलो.

वहिनींना वाचता येतं. दाजींनीच शिकवलं होतं, वहीतले आकडे आणि मग अक्षरं. हा अंक त्या गावात वाचनालयात जातो, हे मला संपादकांनी सांगितलं. त्यांनी हे वाचावं असं मला वाटतं, आणि वाचू नये असंही वाटतं. तात्या अजून आहेत, त्यांनी नक्की वाचावं, आणि टपरीवर मोठ्याने वाचावं.

वहिनींकडून परत येताना एसटीत खिडकीशी बसून जे बोलायचं राहिलं ते मी ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. ऑफिसच्या मराठीत ते जमेना. आईशी बोलायचो त्या भाषेत म्हटलं तेव्हा कुठे पुरं झालं.

दाजीनूं, तुम्ही पाऊस बरोबर मापलास. तुमचे डोळे चांगले होते. गिलास मी चुकीचो हाडलंय, तुम्ही सांगितल्यार ऐकाक नाय, आणि माका कळला तेव्हा मी गप ऱ्हवलंय. माफी तुम्ही मागूची नव्हती. ती माझी होती. माका माफ करा.